खड्डा क्रमांक चौदा

सत्तावीस अंशांचा उतार. उभं राहिलं की
एक पाय माडीवर, एक ओसरीत.
सेव्हेरियान फावडं टेकवतो, विचारतो,
"किती खोल हवंय तुला, लामारा?"
खडक लागेपर्यंत, मी म्हणते.
तो हसतो. "मग जेवायच्या आधीच घरी."

वर चेस्टनटचा पाचोळा, दोन बोटं.
त्याखाली काळी, भुसभुशीत, चार बोटंही नाही,
गांडुळांनी राखलेली.
मग चिकण.
फावडं ओढलं की जिभेनं टाळू सोडावी
तसा आवाज करते, आणि तरी सोडत नाही.

चिमूटभर भिजवून तळहातावर वळते,
काडीएवढी लांब, मग वाकवते:
कडं होतं, तडकत नाही.
वहीत लिहिते: भारी, चिकण, दगडांचे तुकडे पुष्कळ.
सेव्हेरियान लिहीत नाही. त्याचं म्हणणं,
पावसात ही बूट मागते,
ऑगस्टमध्ये फावड्याचं पातं मोडते,
मधले अकरा दिवस माणसात असते.

रंगांच्या पुस्तकातली चौकट ढेकळाशी धरते:
गडद तपकिरी.
"गडद कसली? आमची गाय कानामागे अशीच आहे."
तेही लिहिते, समासात.

तळाशी करड्यावर गंजाचे ठिपके.
पाणी इथवर येतं आणि खाली वाट नाही,
म्हणून आडवं सरकत रिओनीकडे निघतं
आणि मातीलाही हळूच म्हणतं, चल.
इथली खोडं बुडाशी कोयत्यासारखी:
झाड सरळ व्हायला बघतं, पायाखालचं सरकतं,
पुन्हा बघतं.
मुळं खाली जातच नाहीत,
एकमेकांच्या अंगावरून पसरतात.
गेल्या हिवाळ्यात पडलेला ओक
दार उघडावं तसा उलटलाय, मुळांची थाळी उभी,
तिच्यात पाटीच्या दगडाच्या कपच्या अडकलेल्या,
आणि खाली ओला, स्वच्छ खडक,
आत्ताच कुणी पोतेरं फिरवून गेल्यासारखा.

अडतीस सेंटीमीटर. पहार वाजते.

सेव्हेरियान गावची थडगीही खणतो.
त्याचा नकाशा माझ्या नकाशाहून जुना.
"वरच्या आळीला गुडघाभर. कुंपणाशी मांडीभर, पण पाणी.
इपोलिते मास्तरला तीन दिवस लागले, छिन्नीनं.
पेपेलासाठी मी नदीवरून माती आणली,
बैलांच्या घसरगाडीनं, एकोणीस खेपा.
तरी उन्हाळ्यात भेगाळलीच.
रात्री जाऊन भेगांत पाणी ओतायचो."
मक्याची भाकरी मोडत सांगतो,
हवामान सांगावं तसं.

कमरेइतकी कुठेच नाही?
तो चावत राहतो. मग दरीकडे बघून,
"नाही."

परतताना तो पुढे, मी मागे.
घळीच्या तोंडाशी, हेझलच्या जाळीत,
उतार जरा टेकलाय. तिथलं गवत कापलेलं,
बसण्यापुरता एक दगड आणून ठेवलेला.
गिरमिट लावते. चाळीस. साठ.
नव्वदलाही मऊ.
वरच्या सगळ्या उतारांवरून जे निसटलं
ते इथे येऊन बसलंय.
मूठ जमिनीला टेकते.
वर पाहते तर तो थांबलाय, वळलेला नाही,
नुसती पाठ, पण कान असलेली.

भोक टाचेनं बुजवते.
नकाशाला आकडा लागतोच.
लिहिते: अडतीस.
तिब्लिसीहून कुणी पडताळायला येणार नाही,
आलं तर मोसम बघून येईल आणि बूट गमावेल.

तो चालू लागतो.
इतक्या वर्षांच्या त्याच्या बुटांना
माझ्या बुटांच्या निम्मादेखील चिखल लागत नाही.
पाऊल कसं टाकतो, ते विचारायचं राहून गेलं.